बाग पाहा, मग क्लब निवडा

(कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या मराठी मंडळींसमोर रविवारी दुपारी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'वाइन क्लब कसा निवडावा'. वाइन क्लब म्हणजे सदस्य व्हायचं आणि ठरावीक काळाने बाटल्या घ्यायच्या. त्यावर येतोच. आधी हात वर करून सांगा, किती जणांच्या घरी दर तीन महिन्यांनी क्लबचा खोका येतो? बरेच आहेत. आणि त्यातल्या बाटल्यांची द्राक्षं कुठल्या बागेतली, हे किती जणांना माहीत आहे? बघा, हात खाली आले. मला बोलायचंय ते या खाली आलेल्या हातांबद्दल.

मी निफाड तालुक्यातला. घरी थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि तिथून माल निघेपर्यंत घरात बोलणं एकच: डाऊनी, म्हणजे दमट हवेत वेलीवर पडणारा बुरशीचा रोग. नुसतं आभाळ भरून आलं तरी वडील जेवणावरून उठून ओट्यावर जायचे. इथल्या वेली हिवाळ्यात झोपतात, त्यांना वर्षातून एकच छाटणी पुरते. आपल्याकडे वेलीला तशी झोपच लागत नाही, म्हणून दोनदा कात्री. यावर मी तासभर बोलू शकतो, पण ताई घड्याळाकडे बघतायत.

सांगायचं ते हे की, आमच्याकडे येणारा व्यापारी आधी बागेत शिरायचा. घड तळहातावर तोलायचा, दोन मणी तोंडात टाकायचा, पानं उलटी करून बघायचा, मग भावाचं बोलायचा. बाग न बघता सौदा केलेला व्यापारी मी पाहिला नाही. आणि त्याच घरातला मी, एका शनिवारी नापा या इथल्या द्राक्षप्रदेशातल्या एका टेस्टिंग रूममध्ये, म्हणजे वाइन चाखायच्या दालनात, चार घोट घेतले आणि सही करून मोकळा झालो. सदस्य झालात तर टेस्टिंगचे पैसे माफ, म्हणाले. बाहेर द्राक्षाच्या ओळी होत्या, त्या त्यांच्याच असणार असं मी धरून चाललो.

२०२२च्या सप्टेंबरमधली उष्णतेची लाट आठवते? सॅक्रामेंटोत पारा ११६ फॅरनहाइटवर गेला होता. नेमका त्या आठवड्यात खोका निघाला. वाइन घ्यायला एकवीस वर्षांवरचं माणूस दारात सही करायला लागतं, आम्ही दोघं ऑफिसात. तीन दिवस तो खोका व्हॅनमधून गावभर फिरला. चौथ्या दिवशी उघडला, तर दोन बाटल्यांची बुचं वर सरकून वरचं वेष्टण फुगलेलं, आणि लेबलवरून चिकट, काळपट ओघळ खाली आलेला. बोट लावून चाखलं. मनुका उकळलेलं पाणी. वाइन तेरा-चौदा अंश सेल्सियसला सुखात राहते, ही बिचारी भट्टीत बसून आली होती.

फोन केला. उत्तर मिळालं, कुरियरच्या हाती दिल्यावर आमची जबाबदारी नाही. तेही मी गिळलं असतं. पण मी विचारलं, बाई, ही द्राक्षं तुमच्या कुठल्या बागेतली? ती म्हणाली, आमची बाग नाही, आम्ही तयार वाइन विकत घेऊन बाटलीत भरतो. मंडळी, पैशांपेक्षा ते मला फार लागलं. दोन वर्षं मी ज्या बागेचा माणूस समजत होतो स्वतःला, ती बागच नव्हती!

पाच मिनिटं उरलीत, चिठ्ठी मिळाली. तेव्हा भरभर सांगतो, लिहून घ्या.

लेबल वाचा. नुसतं 'कॅलिफोर्निया' लिहिलं असेल तर द्राक्षं राज्यात कुठलीही असू शकतात. काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, नाव असेल तर किमान ७५ टक्के तिथली, नापा व्हॅलीसारख्या ठरावीक द्राक्षप्रदेशाचं नाव असेल तर किमान ८५ टक्के. 'इस्टेट बॉटल्ड' असेल तर सगळी द्राक्षं वायनरीने, म्हणजे वाइन बनवणाऱ्याने, त्याच प्रदेशात, स्वतःच्या मालकीच्या किंवा स्वतःच्या ताब्यातल्या जमिनीवर पिकवलेली. मी आता हे दोन शब्द असल्याशिवाय सही करत नाही.

गाडीने जाऊन येता येईल अशीच बाग घ्या आणि खोका मागवू नका, पिकअप घ्या, म्हणजे स्वतः जाऊन बाटल्या आणा. मागवायचाच असेल तर उन्हाळ्यात माल थांबवून ठेवतात का ते विचारा. वर्षाला बाटल्या किती, आपल्या आवडीच्या बदलून मिळतात का, किती खेपा घेतल्याशिवाय सोडता येत नाही, हे आधी. ऑनलाइन सदस्य झाला असाल तर रद्दही ऑनलाइन करता आलं पाहिजे, हा आपल्या राज्यात २०१८पासून कायदा आहे. फोनवर अर्धा तास ताटकळू नका. सवलत मिळते म्हणून बारा बाटल्यांची अख्खी पेटी घेऊ नका. तुम्ही महिन्याला दोन बाटल्या पिता, तर बारा ठेवणार कुठे? गॅरेजमध्ये?

बाग पाहायला नाशिकला जाणाऱ्यांनी फेब्रुवारीत जा, तेव्हा तिकडे तोडणी चालू असते. इथे ऑगस्ट ते ऑक्टोबर.

माझा आत्ताचा क्लब इथल्याच लोडाय गावचा. झिनफँडेल या काळ्या द्राक्षाची जुनी, बुटकी, मांडीएवढ्या खोडाची झाडं आहेत, तारा नाहीत, मांडव नाही. तोडणीच्या दिवसांत मालक स्वतः ओळीतून फिरवतात आणि मणी चाखायला देतात. येत्या शनिवारी माझं पिकअप आहे. सकाळी आठला फ्रीमाँटहून निघतोय, गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत.