हृदयाच्या ऑपरेशनआधी इन्सुलिनची चौकशी कशासाठी?

नमस्कार श्रोतेहो. मी भूलतज्ज्ञ आहे. हृदयाच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी वॉर्डात जाऊन पेशंटला भेटते. "काका, इन्सुलिन घेता का? कुठलं? मासे खाऊन कधी अंगावर गांधी उठल्या होत्या? याआधी हृदयाचं ऑपरेशन झालंय?" बांगडा-सुरमईवर वाढलेल्या आपल्या मुंबईकरांना माशांचा प्रश्न ऐकून नवल वाटतं. पण तो मी मुद्दाम विचारते.

ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुफ्फुसांचं काम हार्ट-लंग मशीन करतं; त्यात रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. मशीन बंद झालं की रक्तस्राव थांबायला हवा, म्हणून हेपारिनवर उतारा देतात तो प्रोटामिनचा. हे प्रोटामिन साल्मन जातीच्या माशाच्या वीर्यातून काढतात. काही इन्सुलिनमध्येही ते असतं. दुधासारखं दिसणारं, टोचण्याआधी बाटली तळहातांत घोळवून घ्यावी लागते, ते इन्सुलिन. वर्षानुवर्षं ते घेणाऱ्या काहींच्या शरीरात प्रोटामिनविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार होतात. एरवी त्यांचा काही त्रास जाणवत नाही. ऑपरेशनमध्ये मात्र मोठा डोस थेट रक्तात जातो, आणि क्वचित एखाद्याचं ब्लडप्रेशर एकदम कोसळतं, श्वासनलिका आवळतात. म्हणून मी ते दहा-एक मिनिटं घेऊन, मॉनिटरवरची नजर न हलवता, अगदी सावकाश देते. पण कृपा करून हे ऐकून इन्सुलिन बंद करू नका. बहुतेकांना काहीही होत नाही, आम्हाला फक्त आधी माहीत असायला हवं.

जुन्या ऑपरेशनबद्दल विचारते ते ॲप्रोटिनिनसाठी. हे औषध गायीच्या फुफ्फुसातून मिळवत. 1987 नंतर हृदयशस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी करायला ते खूप वापरलं गेलं. पहिल्यांदा दिल्यावर रिॲक्शन फारच विरळा. पण युरोपातल्या, ते दुसऱ्यांदा मिळालेल्या पेशंटच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सहा महिन्यांच्या आत पुन्हा दिलेल्यांत शंभरी पाच जणांना रिॲक्शन आली होती. त्यानंतर दिलेल्यांत शंभरी एकापेक्षाही कमी. 2007 मध्ये त्याची विक्री थांबली ती वेगळ्या कारणाने: एका मोठ्या चाचणीत ते घेतलेल्यांत मृत्यू जास्त दिसले. 2012 मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने मर्यादित वापरासाठी ते परत आणायची शिफारस केली. शिवाय जखमेवर लावायच्या काही फायब्रिन ग्लूमध्येही ॲप्रोटिनिन असतं, आणि हे पेशंटला कुणी सांगितलेलंच नसतं.

आज रक्तस्राव कमी करायला बहुधा ट्रानेक्झॅमिक ॲसिड देतात. जपानच्या ओकामोटो दांपत्याने शोधलेलं हे कृत्रिम औषध प्राण्यांपासून येत नाही, त्यामुळे त्याची ॲलर्जी फार क्वचित दिसते. मोठ्या डोसने फिटचे झटके येऊ शकतात, तेवढं जपावं लागतं.

तेव्हा ॲडमिट होताना इन्सुलिनची बाटली आणि जुनं डिस्चार्ज कार्ड सोबत आणा. कार्ड हरवलं असेल तर त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात विचारा. तिथेही मिळालं नाही, तर ऑपरेशन कुठे आणि कोणत्या साली झालं, एवढं तरी भूलतज्ज्ञांना नक्की सांगा.