विकत घेतलेला पहिला नंबर

नमस्कार, श्रोतेहो.

व्यवसायाची वेबसाइट तयार आहे, दिसायला देखणी आहे, तिच्यावर पैसाही ओतलाय. आणि गूगलवर शोधायला जावं, तर पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही, कुठेच नाही. मग कुणीतरी भेटतं आणि छातीठोकपणे सांगतं, "महिन्याभरात पहिला नंबर. गॅरंटी." आज मला त्या गॅरंटीविषयी बोलायचंय, आणि ती न घेता वेबसाइट वर कशी येते त्याविषयीही.

यंत्रणा थोडक्यात सांगतो. सर्च इंजिनचा क्रॉलर नावाचा प्रोग्राम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात पानं वाचत फिरतो. वाचलेलं साठवून ठेवतो, त्या साठ्याला इंडेक्स म्हणतात. आणि कुणी काही शोधलं, की त्या साठ्यातलं कुठलं पान आधी दाखवायचं याचा क्रम लावला जातो. वाचणं, साठवणं, क्रम लावणं. पुन्हा सांगतो, कारण पुढे याच क्रमाने तपासायचं आहे: वाचणं, साठवणं आणि क्रम लावणं.

क्रम लावताना पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात. त्यातली एक, गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोघं स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होते तेव्हाची, १९९०च्या दशकातली. दुसऱ्या एखाद्या साइटने तुमच्या पानाची लिंक दिली, तर ती तुमच्याबद्दलची शिफारस समजायची. आणि शिफारस करणारं पान स्वतः वजनदार असेल, तर त्या शिफारशीलाही जास्त वजन द्यायचं. यालाच पेजरँक म्हणतात. गूगल उभं राहिलं ते या कल्पनेवर.

पण शिफारशीला किंमत आली, की ती विकणारेही येतात. आणि इथे मला जेसी पेनीची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा विषय निघाला की मी ती सांगतोच, कारण हे सगळं शास्त्र तिच्यात आलंय.

जेसी पेनी हे अमेरिकेतलं जुनं नाव. १९०२ साली वायोमिंग राज्यातल्या केमरर नावाच्या छोट्या गावात एक दुकान सुरू झालं आणि तिथून वाढत वाढत देशभर त्यांची अकराशेहून जास्त दुकानं झाली. कपडे, चादरी, गालिचे, फर्निचर, प्रवासी बॅगा, सगळं मिळायचं. १९६३ पासून त्यांचा छापील कॅटलॉगही निघत असे. अशा कॅटलॉगांविषयी मला फार आदर आहे. तिथे जागा मोजकी, छपाईचा खर्च मोठा, त्यामुळे वस्तू कशाची आहे, केवढी आहे, कोणत्या रंगात मिळेल, हे दोन ओळींत नेमकं सांगावं लागे. वेबसाइटवर जागेला तोटा नाही, म्हणून आपण सैल लिहायला लागलो असं माझं मत आहे. असो.

तर २०१० सालचा नाताळ. अमेरिकेतल्या दुकानदारांचा हा वर्षातला सगळ्यात मोठा हंगाम. त्या काळात गूगलवर "ड्रेसेस" असं शोधलं, की पहिला नंबर जेसी पेनी. "बेडिंग" शोधलं, पहिला नंबर जेसी पेनी. "एरिया रग्ज", म्हणजे गालिचे, तिथेही तेच. एक-दोन दिवस नाही, महिनोन् महिने. अमेरिकेत कपडे विकणाऱ्या कंपन्या किती असतील, विचार करा. त्या सगळ्यांच्या वर ही एकच.

आणि कमाल पुढे आहे. सॅमसोनाइट ही बॅगा बनवणारी कंपनी. "सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज" असं त्या कंपनीचं नाव घालून शोधलं, तरी पहिली यायची जेसी पेनीच. खुद्द सॅमसोनाइटची वेबसाइट तिच्या खाली! बॅग ज्याने बनवली तो मागे, आणि दुकानात ठेवून विकणारा पुढे.

न्यूयॉर्क टाइम्सच्या एका पत्रकाराला हे खटकलं. त्याने सर्च इंजिनच्या कामातल्या एका जाणकाराला विचारलं, की हे असं का होतंय, जरा बघ. त्या माणसाने जेसी पेनीच्या साइटकडे कुठून कुठून लिंका येतात ते शोधायला घेतलं. पत्रकारितेत मला हेच काम सगळ्यात मोलाचं वाटतं: सगळ्यांना रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे बघून "हे असं का?" असं विचारणं आणि उत्तर मिळेपर्यंत न सोडणं.

त्या जाणकाराला सापडली दोन हजार पंधरा पानं. "इव्हनिंग ड्रेसेस", "कॅज्युअल ड्रेसेस", "कॉकटेल ड्रेस", "लिटल ब्लॅक ड्रेस" असे शब्द तिथे होते, आणि त्यावर क्लिक केलं की थेट जेसी पेनीच्या ड्रेसच्या पानावर. आता ही पानं कसली होती ते ऐका. एक साइट घोरण्याविषयी. एक हिऱ्याच्या ड्रिलविषयी. एक न्हाणीघराच्या फरश्यांविषयी. मासेमारीविषयी, दातांच्या डॉक्टरांविषयी, विनोदांविषयी. घोरण्यावर उपाय शोधणाऱ्या माणसाला संध्याकाळी घालायच्या ड्रेसची लिंक कशाला हवी? पण ती माणसासाठी ठेवलेलीच नव्हती. ती क्रॉलरने वाचावी म्हणून ठेवली होती. कित्येक साइट तर ओस पडलेल्या, जिथे माणूस फिरकतच नाही, फक्त लिंका तेवढ्या उभ्या.

म्हणजे दोन हजारांवर शिफारसपत्रं, आणि एकही खऱ्या माणसाने मनापासून दिलेलं नाही.

हा पुरावा गूगलपुढे गेला. फसव्या पानांविरुद्ध काम करणाऱ्या त्यांच्या पथकाचे प्रमुख तेव्हा मॅट कट्स होते. हे नियमांचं उल्लंघन आहे, हे त्यांनी मान्य केलं, आणि गूगलने मॅन्युअल ॲक्शन घेतली. म्हणजे संगणकाच्या हिशोबावर न सोडता माणसांनी स्वतः लक्ष घालून त्या साइटला खाली ढकललं.

फेब्रुवारी २०११, बुधवारची संध्याकाळ. सात वाजता "सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज" शोधलं, तर जेसी पेनी पहिली. नऊ वाजता तेच शब्द, तोच शोध: जेसी पेनी एकाहत्तरावी. "लिव्हिंग रूम फर्निचर" शोधलं, तर सात वाजता पहिली, नऊ वाजता अडुसष्टावी. दोन तास, श्रोतेहो. महिनोन् महिने हातात असलेला पहिला नंबर दोन तासांत गेला. एकाहत्तरावा नंबर म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने आठवं पान. आठव्या पानापर्यंत कोण जातं?

कंपनीने सांगितलं, या लिंका आम्ही लावायला सांगितल्या नव्हत्या, आम्हाला त्यांची माहितीही नव्हती. सर्च इंजिनचं काम पाहणाऱ्या संस्थेला त्यांनी काढून टाकलं, लिंका उतरवायला सुरुवात केली. शिक्षा उठायला सुमारे नव्वद दिवस लागले. आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१२ मध्ये, गूगलने क्रम लावण्याच्या पद्धतीत पेंग्विन नावाचा बदल आणला. अशा खोट्या लिंका ओळखण्याचं काम त्यानंतर मोठ्या प्रमाणावर यंत्रच करू लागलं.

या हकीकतीतली एक गोष्ट मला सतत टोचते. जेसी पेनीकडे ते ड्रेस खरोखर होते! त्या बॅगा खरोखर मिळत होत्या. माल खरा, दुकान खरं, ग्राहक खरे. सरळ मार्गाने त्यांना चांगली जागा मिळालीच असती. पहिली नाही तर चौथी, पण स्वतःची. शंभर वर्षांचं नाव पाठीशी होतं म्हणून त्या कंपनीने नव्वद दिवस काढले. ज्याला रोजचे चार फोन वेबसाइटवरून येतात आणि त्यावरच ज्याचं काम चालतं, त्याने नव्वद दिवस कसे काढायचे? म्हणून मी कळकळीने सांगतो, लिंका विकत घेऊ नका. आणि पुन्हा सांगतो, लिंका विकत घेऊ नका. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, कारण क्रम लावणं त्याच्या हातातच नाही. पैसे घेऊन शोधाच्या साध्या निकालात कुणाला वर आणत नाही, असं गूगल स्वतः सांगतं. पैशाने मिळते ती जाहिरात, आणि तिच्यावर तसा शिक्का असतो.

बोलता बोलता वेळ बराच गेला. आता करायचं काय, ते भरभर सांगतो.

पहिलं, तुमची साइट साठ्यात आहे का ते बघा. गूगलच्या चौकोनात "साइट" या शब्दाची इंग्रजी अक्षरं टाका, मग विसर्गासारखी दोन टिंबं, आणि जागा न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता. तुमची पानं दिसली तर उत्तम. काहीच दिसलं नाही, तर बहुधा दोष वाचण्यात किंवा साठवण्यात आहे. पुष्कळदा साइट बनवताना "सर्च इंजिनने हे पान घेऊ नये" अशी सूचना घातलेली असते, तिला नोइंडेक्स म्हणतात, आणि काम संपल्यावर ती काढायची राहते. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तर ही एका टिचकीची सोय आहे, आणि ती टिचकी तशीच राहून गेलेली पुष्कळ ठिकाणी आढळते. बनवणाऱ्याला आधी हे विचारा. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, ते जोडून घ्या. कुठलं पान घेतलं, कुठलं नाही आणि का नाही, लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले, सगळं तिथे कळतं.

दुसरं, शब्द. यावर मात्र थांबतो, कारण सगळ्यात जास्त फायदा इथे आहे. समजा तुम्ही पाण्याचे पंप दुरुस्त करता. तुमच्या साइटवर लिहिलेलं असतं, "दर्जेदार सेवा, समाधानी ग्राहक, अनुभवी चमू". असं कुणी शोधतं का? माणूस शोधतो, "पंप चालू होतो पण पाणी चढत नाही". तर त्या प्रश्नाचं एक पान करा. कारणं सांगा: पाइपातून हवा शिरत असेल, फूट व्हॉल्व्ह गळत असेल, मोटर उलटी फिरत असेल. घरच्या घरी काय तपासता येईल, कधी माणूस बोलवावा, तेही लिहा. "सगळं सांगून टाकलं तर मला कोण बोलावणार?" अशी भीती बाळगू नका. ज्याने नीट समजावलं, त्यालाच लोक फोन करतात.

एका पानाला एक प्रश्न. लक्षात ठेवा, एका पानाला एक प्रश्न. आणि त्या पानाच्या टायटलमध्ये, म्हणजे शोधाच्या निकालात दिसणाऱ्या शीर्षकात, तोच प्रश्न, साध्या शब्दांत. प्रत्येक पानाचं टायटल वेगळं हवं, सगळीकडे नुसतं "मुख्यपृष्ठ" नको. तोच शब्द पंचवीसदा कोंबायची गरज नाही, उलट त्याने नुकसानच होतं. आणि कीवर्ड मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी, भरून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय की क्रम लावताना आम्ही तो बघत नाही.

मजकूर चित्रात लिहू नका. सेवांची यादी, कामाच्या वेळा, फोन नंबर, सगळं सुंदर चित्र करून लावतात, आणि मग ते क्रॉलरला नीट वाचता येत नाही, दृष्टी नसलेल्या माणसाचा संगणकही ते वाचून दाखवू शकत नाही. हा दुसरा मुद्दा मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. तसंच ती आपोआप सरकणारी चित्रं. एक वाचेपर्यंत दुसरं येतं. ती काढा, साइट हलकी होईल, लवकर उघडेल. गूगल आता तुमचं पान वाचतं ते मोबाइलवर जसं दिसतं तसं, तेव्हा ते मोबाइलवरच उघडून बघत जा.

खऱ्या लिंका कशा मिळतात? तुम्ही ज्यांच्याकडून माल घेता त्यांच्या विक्रेत्यांच्या यादीत नाव आहे का बघा. तुमच्या व्यवसायाची संघटना असेल तर तिच्या साइटवर पत्ता द्या. आणि पंपाच्या पानासारखं उपयोगाचं काही लिहिलंत, तर लोक आपण होऊन एकमेकांना पाठवतात. हळू होतं, पण टिकतं.

आणि साइट नव्याने बांधणार असाल तर एक सांभाळा. पानांचे पत्ते बदलले, तर जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचं वळण ठेवायला सांगा, त्याला ३०१ रिडायरेक्ट म्हणतात. नाहीतर आजवरची सगळी कमाई जुन्या पत्त्यांवर पडून राहते.

हे सगळं केल्यावर परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागू शकतं, असं गूगलच सांगतं. तोवर सर्च कन्सोलमध्ये अधूनमधून बघत राहा. लोक जे शब्द टाकून आले आणि ज्यांचं उत्तर तुमच्या साइटवर नाही, ते टिपून ठेवा. पुढचं पान त्यावर लिहा.

नमस्कार.