आधी खोली, मग मत

(माहितीपटाची संहिता : दृश्यं आणि निवेदन)

[दृश्य : भिंतीला आरसा टेकवून हळूहळू सरकणारा मुलगा. समोर सतरंजीवर बसलेल्या काकू.]

"अजून थोडा... अजून... थांब!"

काकूंना आरशात डावीकडचा स्पीकर दिसला. मुलानं त्या जागी पेन्सिलनं फुली मारली. स्पीकरचा आवाज भिंतीवर आपटून काकूंच्या कानाशी येतो तो याच फुलीवरून. आवाज शोषायला गोधडी टांगायची ती इथे. नक्षी कुठे शोभते हा प्रश्न नाही.

पुण्यात कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावरच्या या हॉलमध्ये अधूनमधून शनिवारी संगीतावरचे माहितीपट आणि चित्रपट लागतात. बघून झाल्यावर मतं मांडली जातात, बऱ्याचदा आवाज चढवून. मंडळी सातला येतात, पट सुरू होतो आठला. मधला तास खोलीचा, म्हणजे आवाज आणि चित्र नीट लावण्याचा.

[दृश्य : हॉलच्या मध्यभागी उभं राहून एकजण टाळी वाजवतो. दोन वेळा.]

ही पहिली टाळी गोधडीच्या आधीची. टाळीमागे एक बारीक 'टर्रर्र' ऐकू आला. समोरासमोरच्या दोन मोकळ्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा टोलवला जातो, त्याची ही खूण. तानेतला प्रत्येक स्वर पुढच्या स्वराला चिकटतो तो यामुळे, आणि दोष बिचाऱ्या गायकाच्या माथी जातो. दुसरी टाळी गोधडीनंतरची. कोरडी.

गोधडी वरच्या पट्टीचा आवाज पिते, खालचा नाही. डग्गा घुमत असेल तर भिंतीवर कितीही कापड टांगा, फरक पडत नाही. तिथे स्पीकरच कोपऱ्यातून बाहेर काढावा लागतो. इथे मागच्या भिंतीपासून दीड फूट सोडला आहे. दोन स्पीकरमध्ये सात फूट, आणि प्रत्येक स्पीकरपासून मधल्या श्रोत्यापर्यंतही सातच. सतरंजीवर बसणाऱ्याचा कान जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर येतो. त्यामुळे शोकेसवरचे स्पीकर खाली उतरून दोन फुटी स्टुलांवर आले आहेत. स्टूल आणि स्पीकर यांच्यामध्ये जुन्या स्लिपरचे चार-चार तुकडे; नाहीतर स्टूलही गायला लागतं.

पंखा दोनवर. आलापाला बंद. एप्रिलमध्ये यावरून कुरबूर होते.

[दृश्य : टीव्हीच्या मागे हात घालून केबल शोधणारी मुलगी. पडद्यावर तबलजीचे हात, आवाज उशिरा येतोय.]

आता पडद्यावरचे हात बघा आणि कान द्या. थाप पडते, आवाज नंतर येतो. टीव्हीवरून स्पीकरकडे आवाज ब्लूटूथनं चालला आहे. ब्लूटूथमध्ये आवाज आधी आवळला जातो, पाठवला जातो, मग उलगडला जातो. यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. बातम्या बघताना कुणाला कळत नाही. पण द्रुत, म्हणजे जलद, तीनताल मिनिटाला तीनशे मात्रांच्या लयीत असेल, तर एक मात्रा बरोबर दोनशे मिलिसेकंदांची होते. म्हणजे डोळ्यांना सम, आवर्तनाची पहिली मात्रा, दिसते तेव्हा कानात अजून आधीच्या आवर्तनाची शेवटची, सोळावी मात्रा असते. विलंबित, म्हणजे संथ, एकतालात हीच गडबड पचून जाते. म्हणून अर्धा पट बिनतक्रार बघितला जातो आणि द्रुत आलं की कुणीतरी म्हणतं, "तबला जरा मागे पडतोय नाही?"

तबला मागे पडत नाही. ब्लूटूथ बंद करायचं, एचडीएमआय केबल टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या खाचेत लावायची. तरी फरक राहिला तर ध्वनीच्या सेटिंगमध्ये दहा-दहा मिलिसेकंदांनी पुढेमागे करत जायचं. आवाज चित्राच्या मागे सव्वाशे मिलिसेकंदांपर्यंत राहिला तरी बहुतेकांना जाणवत नाही. पुढे गेला तर पंचेचाळीसलाच खटकतो. दूरचा आवाज उशिरा येणं आपल्याला सवयीचं आहे, दिसण्याआधी ऐकू येणं नाही. तेव्हा चूक करायचीच तर मागच्या बाजूला.

[दृश्य : रिमोट, मेनू, एकेक खूण काढली जाते.]

मेनूतल्या या चार गोष्टी बंद होतात. चित्र गुळगुळीत करणारी 'मोशन'ची सोय, कारण टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतःच्या मनानं बनवतो आणि सतारीवरची बोटं मेणाची दिसतात. 'सराउंड', कारण जुने माहितीपट एकाच वाहिनीचे आहेत आणि एका आवाजाचे पाच केले की गायक सोफ्याच्या मागे जाऊन बसतो. संवाद ठळक करणारी सोय, कारण निवेदक पुढे येतो आणि तंबोरा मागे जातो. आणि यूट्यूबवर बघत असाल तर 'स्टेबल व्हॉल्यूम'. हा प्रकार हळू आवाज वर उचलतो आणि मोठा दाबतो. गायकानं अर्धा तास खपून बांधलेली चढण सपाट होते, आणि ऐकणारा म्हणतो, गाणं काही रंगलं नाही बुवा.

टीव्हीचे स्वतःचे स्पीकर तर विसरायचेच. काळी एकच्या पट्टीतला मध्य षड्ज, म्हणजे सा, सुमारे १३९ हर्ट्झचा, तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ६९ च्या आसपास. पातळ टीव्हीचे स्पीकर त्याच्या बरेच आधी दम सोडतात. खर्जाच्या तारेची झणझण ऐकू येते, तिचं वजन येत नाही.

[दृश्य : डीव्हीडी ट्रेमध्ये जाते. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप.]

हे मात्र फार थोड्या घरांत तपासलं जातं. चित्रपट सेकंदाला चोवीस फ्रेम्सनी चित्रित होतो. पॅल या टीव्ही पद्धतीच्या डिस्कवर, म्हणजे आपल्या आणि युरोपच्या बाजारातल्या बऱ्याच डीव्हीडींवर, तो पंचवीसनं चालवलेला असतो. शंभर मिनिटांचा पट शहाण्णव मिनिटांत संपतो. लय चार टक्क्यांनी वाढते, आणि वेगळी दुरुस्ती केली नसेल तर सूरही चढतो, अर्ध्या स्वराच्या जवळजवळ सत्तर टक्के. पांढरी दोनच्या पट्टीत गाणारा काळी दोनच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहतो. आवाज किंचित पातळ, तरुण होतो. त्यावरून "त्या काळात गळा काय हलका होता" अशी मतं देऊन झालेली आहेत.

तपासायची रीत सोपी आहे. मूळ लांबी आणि डिस्कची लांबी ताडून बघायची. संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये वेग ०.९६ करायचा. पण तेवढ्यानं सूर उतरत नाही; ध्वनीच्या पसंतींमध्ये वेग बदलूनही सूर धरून ठेवणारी सोय आधीच चालू असते, ती बंद करावी लागते. मग तंबोऱ्याच्या ॲपवरचा षड्ज आणि पडद्यावरचा षड्ज जुळतात. टीव्हीसाठी मुळातच पंचवीस फ्रेम्सवर चित्रित झालेल्या पटांना हा रोग नाही, तिथे हात लावू नये.

[दृश्य : दिवे बंद. पडद्याचा उजेड चेहऱ्यांवर. रुद्रवीणा.]

दिग्दर्शक मणि कौल यांचा माहितीपट 'ध्रुपद', १९८२. झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा, धाकटे बंधू झिया फरिदुद्दीन डागर यांचं गायन. मणि कौल स्वतः डागरांकडे ध्रुपद गायकी शिकले, आणि ते कॅमेऱ्याच्या वागण्यात दिसतं. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड संपायच्या आत तो हलत नाही. मोहिउद्दीनसाहेबांनी वीणेचे भोपळे मोठे करून घेतले, तारा जाड लावल्या, नखी सोडून बोटांनी वाजवली. आवाज खोल आणि सावकाश विरणारा झाला. मघाशी टीव्हीच्या स्पीकरवर हाच तुकडा लावला होता तेव्हा तीन जणांनी मोबाइल काढले. आता कुणी काढलेला नाही. हे डागर महाराष्ट्राला परके नाहीत. पनवेलजवळ पळस्प्याला त्यांचं गुरुकुल आहे.

शेवटी कॅमेरा मुंबईच्या छपरांवरून लांबलचक सरकत जातो. काकूंना ते अजिबात पटलेलं नाही. "ध्रुपदाचा आणि त्या छपरांचा काय संबंध?" त्यांच्या शेजारच्या मुलीला पटलंय: आलाप जसा एकेक स्वर उघडत जातो, तसंच शहर उघडतं, असं तिचं म्हणणं. निवेदनाचा कल मुलीकडे आहे.

[दृश्य : चर्चमधलं गाणं, घामाने डबडबलेला चेहरा. पुढच्या रांगेतली बाई उभी राहते.]

अमेरिकी गायिका अरीथा फ्रँकलिन यांचा 'अमेझिंग ग्रेस'. जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातलं चर्च, सलग दोन रात्री. दिग्दर्शक सिडनी पोलॅक, कथापटांत मुरलेला माणूस. पण चित्रीकरणात क्लॅप, म्हणजे आवाज आणि चित्र जुळवायला वाजवतात ती पाटी, द्यायची राहिली. आवाज वेगळ्या टेपवर, चित्र अनेक कॅमेऱ्यांत. सोळा मिलिमीटरचं चारशे फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. दर वेळी कॅमेरा थांबतो, पुन्हा सुरू होतो, आणि प्रत्येक तुकडा टेपवर नेमका कुठे बसतो हे सांगणारी एकही खूण नाही. ओठ बघून जुळवायचं म्हटलं तर बऱ्याच चित्रांत ओठच नाहीत. पाठ आहे, टाळ्या आहेत, गायकवृंद आहे. ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी आली आणि गाजली. चित्र डब्यात. संगणकाच्या मदतीनं आवाज आणि चित्र जुळलं, मग कज्जे झाले, आणि 'अमेझिंग ग्रेस' लोकांसमोर आला तो २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये. तेव्हा अरीथा नव्हत्या.

[दृश्य : रिकाम्या रंगमंचावर एक माणूस, हातात टेपरेकॉर्डर.]

'स्टॉप मेकिंग सेन्स', दिग्दर्शक जॉनथन डेमी, १९८४. टॉकिंग हेड्स या अमेरिकी रॉक बँडचे हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरमधले डिसेंबर १९८३ चे कार्यक्रम. बँडचा गायक डेव्हिड बर्न एकटा येतो, टेपरेकॉर्डर ठेवतो, गायला लागतो. तो टेपरेकॉर्डर नुसता दाखवण्यापुरता. ठेका येतो ड्रम मशीनमधून, थेट मिक्सरला. पुढच्या काही गाण्यांत माणसं वाढत जातात. प्रेक्षक जवळपास शेवटपर्यंत दिसत नाहीत. आपल्याकडच्या मैफलींच्या चित्रीकरणाशी ताडून बघा: तिथे दर दोन मिनिटांनी पहिल्या रांगेतलं कुणीतरी मान डोलावतं.

[दृश्य : समई. झुंबर. मान डोलावणारे श्रोते. पुन्हा समई.]

त्या मानेला कारण आहे. कॅमेरा एक, रीळ अकरा मिनिटांचं, आणि बडा ख्याल अर्ध्या तासाचा. रीळ बदलेपर्यंत टेप चालू राहते, चित्र तुटतं. ते भोक बुजवायला समई, झुंबर, मागाहून घेतलेले श्रोते. जुन्या माहितीपटात ऐन तानेच्या वेळी समई दिसली, तर कॅमेरामन त्या वेळी बहुधा काळ्या पिशवीत हात घालून नवं रीळ चढवत होता. याला आळस म्हणायचं की नाइलाज, हे ठरवण्याआधी तेवढं माहीत असावं.

[दृश्य : वह्या. टॉर्चच्या उजेडात लिहिलेले आकडे.]

मतं सांगायची इथली रीत ठरलेली आहे. वहीत आधी वेळ, मिनिट आणि सेकंद, मग एक ओळ. दिवे लागल्यावर प्रत्येकजण आधी वेळा वाचतो, मत नंतर. "काय गातात हो!" हे मत धरलं जात नाही, ती दाद गायकाला, पटाला नव्हे. चर्चेचे प्रश्नही फिरून तेच येतात. एकतरी चीज पूर्ण ऐकवली का? चित्राचा काप समेवर पडला की अधेमधे? दिसणारा हात आणि ऐकू येणारा बोल एकाच वेळचे आहेत का? आणि आलापावर निवेदन का चढवलं? हा शेवटचा आरोप या पटालाही लागू आहे. आत्ता, या वाक्याखाली, तंबोरा दाबलेला आहे.

खालच्या मजल्यावरून एकदा निरोप आला, तेव्हापासून दहानंतर आवाज अर्धा. दोन जणांनी येणं सोडलं.

[दृश्य : तबल्याचे सर मांडीवर टाळी धरतात. पडद्यावर द्रुत बंदिश, खाली वेळ ४२:१०.]

"मागे घ्या. अजून मागे. हां, समेपासून."

एका जुन्या माहितीपटातली ही बंदिश, ताल तीनताल, म्हणजे सोळा मात्रा. सर बोटांवर मात्रा मोजतात. धा धिं धिं धा... तालातली 'खाली' आली, गेली... आणि सम आली. "चौदा." पुन्हा मागे. पुन्हा चौदा. गायकाच्या चेहऱ्यावरून तबलजीच्या हातावर काप आहे, आणि त्या कापात दोन मात्रा गेल्या आहेत. संकलकानं चित्र जुळवलं, आवर्तन मोजलं नाही.

"सर, पण कळलं का कुणाला इतकी वर्षं?"

"मला कळलं ना!"

काकू म्हणतात, दोन मात्रांसाठी अख्खा पट नापास करायचा असेल तर बघायला काही उरणार नाही. सर म्हणतात, कथापटात नायकाचं एक वाक्य अर्ध्यात तोडलं असतं तर सगळे ओरडले असते. मुलीला अजून शंका आहे की काप संकलकाचा की अपलोड करताना तुटलेला; ती दुसरी प्रत शोधते आहे. वहीत ४२:१० च्या समोर तिन्ही मतं लिहिली गेली, आणि चहा आला.