घड्याळावर बाराखडी

ऐकताय ना हा आवाज? सोलापूरच्या पूर्व भागातला यंत्रमाग आहे, टॉवेल निघतायत, आणि इथं शेजारी उभं राहून बोललेलं ऐकू येत नाही, मग फोनवर बोलून टाइप करायची सोय असून काय उपयोग. आमच्या अण्णांना मागाच्या कांड्या, म्हणजे सूत गुंडाळलेल्या नळ्या, संपत आल्या की घरी वहिनींना कळवायचं असतं, फोन खुंटीवरच्या शर्टात, मनगटावर मुलानं दिलेलं स्मार्टवॉच. म्हटलं, ह्याच्यावरच मराठी लिहिता आलं पाहिजे.

आता स्क्रीन जेमतेम ३ सेंटीमीटर. बोटाला नीट लागायचं तर बटण साधारण ९ मिलीमीटरचं तरी हवं, अँड्रॉइडवालेपण तेच सांगतात, म्हणजे आडवी ३, उभी ३, झाली ९ बटणं, जागा संपली. इंग्रजीची २६ अक्षरं मावत नाहीत तिथं आपली बाराखडी कुठं बसवणार? पण खरं सांगू का, आपलंच सोपंय, आपली वर्णमाला आधीच लावून ठेवलेली आहे! क, च, ट, त, प हे ५ वर्ग, एक य-र-ल-व, एक श-ष-स-ह, एक ळ-क्ष-ज्ञ आणि एक स्वरांचं, बरोब्बर ९. बटण दाबून बोट सरकवलं की वर्गातलं अक्षर मिळतं, जपानी लोक फोनवर असंच बोट सरकवून लिहितात, आणि मग अक्षराभोवती काना-मात्रा-वेलांट्यांचं चक्र उघडतं, ही आयडिया मुंबई आयआयटीच्या स्वरचक्र कीबोर्डातली.

अण्णांच्या घरी तेलुगू, पण क ख ग घ चा क्रम तिथंही हाच, त्यामुळं त्यांना लगेच जमलं. मुलगा इंग्लिश मीडियमचा, तो 'भ' कुठल्या वर्गात ते शोधत बसला.

अडलो ते अण्णांच्या पहिल्याच मेसेजला. "कांड्या संपल्या." 'ड्या' आपल्याला एक अक्षर दिसतं, कॉम्प्युटरला ते ४ तुकडे: ड, हलन्त (पाय मोडायची खूण), य, काना. हलन्तासाठी आम्ही बटण दाबून धरायला लावलेलं, चालू मागासमोर तेवढा वेळ कुणाला असतो, तेवढ्यात धागा तुटला तर? मग आठवडाभर नुसते त्यांचे मेसेज वाचले. आल्या, झाल्या, तुटल्या, उद्या, दुसऱ्या, कांड्या... मराठीत हे इतकं रोजचं आहे तर ते हलन्ताच्या मागं कशाला ठेवायचं? 'ल्या'मधल्या त्या जोडलेल्या 'या'ला सरळ चक्रातच घर दिलं, कान्याच्या शेजारी, जणू तीपण एक मात्राच.

परवा अण्णांनी मागाशी उभं राहून लिहिलं, दोनदा चुकलं, पुसलं, परत लिहिलं. पलीकडच्या गल्लीत वहिनींचा फोन वाजला आणि त्या कांड्यांची टोपली उचलून निघाल्या.