मुराळी

हा जो करकर आवाज येतोय ना, तो लिंबाला बांधलेल्या झोक्याचा. आखाजी आहे, म्हणजे अक्षय्य तृतीया. ऊन असं की दुपारी अंगणात पाय ठेववत नाही, तरी पोरी झोक्यावरून उतरायला तयार नाहीत. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. मीपण कालच ताईला घेऊन आलोय.

रात्री रस-पोळी झाल्यावर गच्चीवर लॅपटॉप लावला आणि दोघांनी 'इन्सेन्डीज' बघितला. २०१० चा कॅनडाचा पिक्चर, डायरेक्टर डेनी विलनव, ऑस्करला नॉमिनेशन होतं.

जान आणि सिमॉन हे जुळे बहीण-भाऊ. आई वारते, मृत्युपत्र उघडतात तर आत दोन पाकिटं, एक वडिलांना द्यायचं जे मेलेत असंच पोरं समजत होती आणि दुसरं एका भावाला, जो आहे हेच त्यांना माहीत नाही. ती पोचेपर्यंत माझ्या कबरीवर नाव घालू नका, असं आई लिहून गेलीय. जान तिकीट काढून निघते, सिमॉन भडकतो, मी नाही येणार म्हणतो.

मला त्याचा राग नाही आला. त्याची आई कधी साध्या आईसारखी वागलीच नव्हती, आणि का ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही, मग पोरगं चिडणारच ना.

पिक्चरमध्ये देशाचं नाव कुठेच घेत नाहीत, पण मूळ नाटक लिहिणारे वाज्दी मुआवाद लेबनॉनमध्ये जन्मलेले आणि तिथलं १९७५ ते १९९० चं यादवी युद्ध पडद्यावर लगेच ओळखू येतं. त्यात एक बस आहे. माणसं आत असताना ती पेटवतात, आणि नवाल, म्हणजे हीच आई, एका लहान पोरीला स्वतःची म्हणून वाचवायला बघते. तिथे ताईनं माझा हात घट्ट धरला, पुढे कितीतरी वेळ सोडला नाही.

नंतर नवाल कितीतरी वर्षं तुरुंगात असते, तिथे तिला 'गाणारी बाई' म्हणतात. छळ सहन करायला ती गाते. मला आमच्या आखाजीची गाणी आठवली, सासरचं जे तोंडानं बोलता येत नाही ते बाया झोक्यावर गाऊन टाकतात. आमच्या मायनंही तसंच केलं, आम्ही मात्र नुसती चाल ऐकत बसलो.

शेवट सांगत नाही, तो ज्यानं त्यानं बघावा. पण त्याच्या आधी कधीतरी सिमॉन विमानात बसतो आणि बहीण जिथे एकटी शोधत फिरतेय तिथे जाऊन पोचतो. तेव्हा ताई, जी एरवी माझ्याशी शहरी मराठीत बोलते, हळूच अहिराणीत म्हणाली, "उना रे तिना भाऊ."

आज सकाळी ती झोक्यावर नुसती बसलीय, गात नाहीये. मी मागून झोका देतोय.