पंधरा वर्षांच्या मोटारसायकलची तपासणी आणि तिचा भरवसा

मित्रहो, या सभागृहातील बहुतेकांच्या घरी शंभर सीसीची एखादी गाडी पंधरा वर्षे ओलांडूनही रोज धावत असेल, त्यामुळे पासिंग म्हणजे काय हे मी समजावत बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 41व्या कलमानुसार खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षे टिकते, पुढे तपासणी होऊन ती 5-5 वर्षांनी वाढवून मिळते, आणि आपल्या राज्यात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. माझा प्रश्न त्या तपासणीपुरताच आहे: एकच गाडी दोन निरीक्षकांनी वेगवेगळी पाहिली, तर दोघांचे उत्तर एकच येईल का?

हा प्रश्न मला 2018 साली पडला. वडिलांनी 2003 मध्ये घेतलेली 97.2 सीसीची स्प्लेंडर घेऊन मी एका परिवहन कार्यालयाच्या मैदानात सकाळपासून रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या गृहस्थांनी आदल्याच आठवड्यात दोन्ही ब्रेकचे लायनर आणि चेन-स्प्रॉकेट बदलले होते. गॅरेजची पावती ते मला उत्साहाने दाखवत होते. त्यांची गाडी नापास झाली, कारण डावा आरसा नव्हता. त्यांनी ओळखीच्या एकाच्या गाडीचा आरसा काढून आपल्या गाडीला लावला आणि पंधरा मिनिटांत तीच गाडी पास झाली. त्यानंतर माझा क्रमांक आला. चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट कागदाशी ताडला गेला, हॉर्न वाजवायला सांगितला, पुढचा दिवा, इंडिकेटर, मागचा लाल दिवा पाहिला आणि सही झाली.

आठ दिवसांनी एका उतारावर मी पुढचा ब्रेक दाबला आणि लिव्हर थेट मुठीला टेकला. मागच्या ब्रेकवर गाडी कशीबशी थांबली. वडील त्या वेळी माझ्या मागे बसलेले होते, त्यामुळे तो क्षण मी विसरू शकत नाही. ढकलत गाडी गॅरेजमध्ये नेली, तेव्हा मिस्त्रींनी लिव्हरवरचे रबरी बूट मागे सारले आणि ब्रेकच्या तुटलेल्या वायरचे टोक उजेडात धरून मला म्हणाले, "साहेब, हे नीट बघा." घुंडीपाशी तारांचा झुपका पिंजारला होता. बहुतेक तारांची टोके तांबूस, गंजून बोथट झालेली होती. ताजी, चकाकणारी टोके फक्त चार होती. म्हणजे ती वायर उतारावर तुटलीच नव्हती. ती कित्येक महिने एकेका तारेने तुटत आली होती, आणि ज्या दिवशी कागदावर सही झाली त्या दिवशीही पुढच्या ब्रेकचा भार उरलेल्या मोजक्या तारांवरच होता.

यात त्या निरीक्षकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. समोर एवढी रांग असताना माणूस जे एका नजरेत दिसते तेच पाहतो. आरसा असतो किंवा नसतो, हॉर्न वाजतो किंवा वाजत नाही, त्यामुळे अशा गोष्टींबाबत कोणत्याही दोन निरीक्षकांचे एकमत होते. जुन्या गाडीत मात्र धोका असतो तो हळूहळू झिजणाऱ्या भागांत, आणि झीज किती झाली हे मोजल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

पीयूसीचे, म्हणजे धुराच्या तपासणीचे पाहा. 31 मार्च 2000 नंतरच्या, माझ्या गाडीच्या काळातील फोर-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड 3.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 4500 पीपीएम अशी मर्यादा आहे, आणि पावतीवर प्रत्यक्ष आकडा छापून येतो. अर्थात तोही आकडा गाडी उभी असताना, आयडलिंगवर म्हणजे रेस न देता इंजिन नुसते चालू ठेवून घेतलेला असतो आणि कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू थोडा फिरवून तो तेवढ्यापुरता खाली आणता येतो, ही त्याची मर्यादा मला मान्य आहे. तरीही त्या आकड्यावर वाद घालता येतो, पुढच्या वेळी तो ताडून पाहता येतो. ब्रेकच्या बाबतीत मात्र "ठीक आहे" एवढाच शेरा मिळतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी संयोजकांनी दिली आहे, त्यामुळे जे मुख्यतः सांगायचे होते ते भराभर सांगतो. केंद्र सरकारने 2021च्या सप्टेंबरमध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम अधिसूचित केले. अशा केंद्रात चाक रोलरवर ठेवून ब्रेकचा जोर यंत्राने मोजता येतो. खासगी जुन्या दुचाकीचा हा आकडा मालकाला छापील मिळावा, ही माझी पहिली मागणी. रोलर नसेल तिथेही यंत्राविना बरेच कळते. अनेक गाड्यांच्या ड्रमच्या प्लेटवर झीज दाखवणारी खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण तिथे पोहोचला की लायनर संपले. डबल स्टँडवर पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. मध्यावर खाच लागली तर कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, गेलेला आहे. फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारे दोन दांडे, खालून धरून मागेपुढे हलवावेत आणि खटखट होते का पाहावे. या प्रत्येक बाबीसाठी तपासणीच्या कागदावर स्वतंत्र ओळ हवी, आणि ब्रेकच्या वायरच्या ओळीपुढे निरीक्षकाने बूट मागे सारून पाहिल्याची सही हवी.