सुकू द्या, मग लावा

श्रोते हो, नमस्कार. होळी होऊन गेली. ऊन चढायला लागलं आहे. थोड्याच दिवसांत विहिरी तळाला जातील आणि अंगणातल्या गुलाब-मोगऱ्याला पाणी द्यायचं की माणसांनी प्यायचं, असा प्रश्न आपल्याकडे पुष्कळ घरांत पडेल. म्हणून आज निवडुंगाबद्दल, म्हणजे कॅक्टसबद्दल बोलायचं ठरवलं. वर्धा, चंद्रपूर, अकोल्याच्या उन्हात पाण्याची कुरकुर न करता जगणारं आणि एका तुकड्यापासून दुसरं होणारं झाड दुसरं कुठलं आठवत नाही.

आधी एक ओळख पक्की करून घ्या. बांधावरचा काटेरी थोर आणि कुंपणाचा शेर हे मांसल असले तरी कॅक्टस नव्हेत. त्यांना खरचटलं की पांढरा चीक येतो. तो चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, लेकरांना जपा. खऱ्या कॅक्टसचा काटा एका बारीक लवदार गादीतून निघतो आणि कापलं तर आतून बहुधा पाणचट रस येतो, चीक नाही. हे कुळ मूळचं अमेरिका खंडातलं. जहाजांतून जगभर फिरलं आणि आपल्याकडे आलं. आपला फड्या निवडुंगही तिकडचाच. तो दक्षिण भारतात इतका माजला होता की 1926 साली श्रीलंकेतून त्याच्यावर जगणारा एक किडा आणावा लागला, आणि त्या किड्यानं त्याचा फडशा पाडला. म्हणून सांगतो, फड्या कुंडीत ठेवा, बांधावर सोडू नका.

आता माती. आपली काळी माती कपाशीला सोनं आहे, कॅक्टसला नाही. ती पाणी धरून बसते, आणि कॅक्टस तहानेनं क्वचित मरतो, पाण्यानं हमखास मरतो. नदीची जाड वाळू एक घमेलं, मुरमाड तांबडी माती एक घमेलं, हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे अर्धं घमेलं आणि पुरतं कुजलेलं शेणखत अर्धं घमेलं, एवढं कालवलं की झालं. कुंडी मातीचीच घ्या आणि खालचं भोक मोकळं ठेवा. पाणी संध्याकाळी द्या. बाकीची बहुतेक झाडं दिवसा हवा आत घेतात, कॅक्टस दिवसभर आपली रंध्रं मिटून ठेवतो आणि रात्री उघडतो. म्हणून तर त्याचं पाणी वाचतं. एकदा दिल्यावर कुंडीत बोट घालून पाहा, आत ओल लागली तर पुन्हा देऊ नका. पावसाळ्यात कुंड्या ओसरीत, वळचणीच्या आत घ्या.

आणि आजची मुख्य गोष्ट, नीट ऐका. तुकडा कापला की लगेच लावायचा नाही. सुकू द्यायचा, मग लावायचा.

हे मी शिकलो माझ्या मोठ्या मायकडून. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी विहिरीजवळ एक उंच, खांबासारखा कॅक्टस होता. सेरियस म्हणतात त्याला. कवेलूंच्या वर गेला होता. एका वैशाखात वादळ आलं आणि तो मुळापासून आडवा झाला. मोठे बाबा म्हणाले, "फेका ते उकिरड्यावर. काट्यायचं काय लोणचं घालता?" मोठी माय म्हणाली, "जित्तं हाये ते. काहून फेकता?" तिनं कोयता मागवला. हाताला गोणपाट गुंडाळलं आणि त्या खांबाचे उसाच्या कांड्यांसारखे हातहातभर तुकडे केले. प्रत्येक तुकड्याच्या वरच्या टोकाला चुन्याचं बोट लावलं. त्या चुन्याचं महत्त्व लक्षात ठेवा. तुकडा पडला की वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळत नाही, आणि उलटा लावला तर तो मूळ धरायला बघत नाही. मग सगळे तुकडे गोठ्याच्या छपरीत एका मोडक्या बाजेवर पसरले. सावलीत, हवेशीर.

गल्लीतल्या बाया आल्या. प्रत्येकीला एक तुकडा पाहिजे. मोठी माय सांगते, "थांब ना बाई. आंग सुकू दे त्याचं. ओलं लावशीन त सडन." दोघी-तिघी थांबल्या नाहीत. घेऊन गेल्या, त्याच दिवशी मातीत खोवले, वरून पाणी घातलं, आणि मृगाचा पाऊस पडल्यावर ते तुकडे खालून काळे पडले, वास मारायला लागले. बाजेवरचे मात्र पाऊसभर तसेच पडून होते. कापलेली तोंडं आधी ओलसर, मग पांढुरकी, मग खडखडीत झाली, बोटानं वाजवली तर वाजत. काहींच्या खालच्या अंगाला मातीशिवायच मुळांचे बारीक कोंब दिसायला लागले होते. दसऱ्याला लोक सोनं द्यायला घरी आले तेव्हा मोठ्या मायनं आपट्याच्या पानासोबत एकेक तुकडा दिला. ते लागले. पुढं गावात ज्याच्या-त्याच्या दारी तो खांब दिसू लागला.

काही वर्षांनी त्याला फुलं आली. हे फूल दिवसा दिसत नाही. सूर्य मावळला की लांब कळी सैल पडते, आणि नऊ-दहाच्या सुमाराला ओंजळीएवढं पांढरं फूल पूर्ण उघडतं. सकाळी ऊन लागलं की मान टाकतं. ज्या रात्री आमच्या दारी फुलायचं, बहुधा त्याच रात्री पाटलांच्या वाड्यातही फुलायचं आणि शाळेजवळही. बाया अंगणात सतरंज्या टाकून बसायच्या. (त्या अंगणांत आता सिमेंटचे गट्टू बसवले आहेत. पावसाचं पाणी मुरायला जागा नाही, झाडाला नाही आणि रात्री बसायला गार जमीनही नाही. मला ते बरं वाटत नाही. अर्धं तरी अंगण मातीचं ठेवा, अशी माझी सगळ्यांना विनंती आहे.)

तर, फुलं भरपूर. फळ मात्र एकही नाही. फूल मिटायचं, देठाशी पिवळं पडायचं आणि गळायचं. आम्हाला वाटलं, याला फळ लागतच नसेल.

मग घरात धाकटी सून आली, दारव्ह्याकडची. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं ते फूल पाहिलं आणि म्हणाली, "आत्याबाई, आमच्या घरी त याले फळं लागतात. लाल. आम्ही खातो." मोठी माय म्हणाली, "याले? आम्ही त इतक्या सालात एक नाही पाह्यलं वो." दिवाळीला सून माहेरी गेली आणि येताना तिथल्या झाडाचा तुकडा घेऊन आली. एसटीत, पेपरात गुंडाळून, मांडीवर धरून. मोठ्या मायनं तोही बाजेवर टाकला, सुकवला, मग लावला. तो वाढायला वेळ लागला. पण ज्या रात्री दोन्ही झाडं सोबत फुलली, त्या रात्री सून घरातल्या कापसाचा बोळा आणि बॅटरी घेऊन स्टुलावर चढली. एका फुलातला पिवळा पराग बोळ्यानं उचलायचा आणि दुसऱ्या झाडाच्या फुलात, मधोमध चांदणीसारखं टोक असतं, त्यावर टेकवायचा. मोठ्या मायनं त्या फुलांच्या देठाला लाल दोरा बांधला. एक फूल मुद्दाम तसंच सोडलं. "पाहू त खरं," म्हणाली.

सोडलेलं फूल गळलं. दोऱ्याची फुलं सुकली, पण देठ हिरवा राहिला आणि फुगायला लागला. महिना-दीड महिन्यानं फळं लाल झाली. वर काटा नाही. एक फळ झाडावरच उकललं, आत पांढराशुभ्र गर आणि काळे बारीक दाणे. मोठ्या मायनं विळीवर फोडी केल्या आणि गल्लीत वाटल्या. चव सौम्य गोड, थंड. येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "सून आली अन् झाडाले फळ लागलं."

कारण असं. गावातली ती सगळी झाडं एकाच खांबाचे तुकडे होते, म्हणजे ते एकच झाड होतं. सेरियस स्वतःचा पराग स्वीकारत नाही, त्याला वेगळ्या झाडाचा लागतो. ड्रॅगन फ्रूट लावणाऱ्या शेतकरी बांधवांनीही हे ध्यानात ठेवावं. तेही कॅक्टसच आहे, आणि त्याच्याही काही जातींना दुसऱ्या जातीचा पराग द्यावा लागतो. तेव्हा तुकडा शेजारून आणा, पण एखादा दूरच्या गावाहूनही आणा. झाडं मागून आणावीत आणि मागणाऱ्याला द्यावीत, असं माझं ठाम मत आहे. जत्रेत रंग मारलेले, वर सुकं फूल डिंकानं चिकटवलेले कॅक्टस मिळतात, ते घेऊ नका. रंगानं झाडाचा श्वास कोंडतो. काटेरी झाड घरी नको असंही कुणी सांगतं. लेकरांच्या वाटेतून बाजूला ठेवा, एवढंच.

वेळ थोडा उरला, म्हणून भरभर सांगतो. गोल कॅक्टसला बुडाशी पिल्लं येतात. ती चिमट्यानं पिळून काढा, आठवडाभर सुकू द्या, मग लावा. जाड खांबाला दोन-तीन आठवडे द्या. लावल्यावरही आठ-दहा दिवस पाणी नको. बारीक लव बोटात रुतली तर चिकटपट्टी दाबून ओढा. हिरव्या दांड्यावर लाल गोळा असलेला कॅक्टस म्हणजे कलम असतं. त्या लाल गोळ्यात हरितद्रव्य नाही, तो खालच्या दांड्याच्या जिवावर जगतो, म्हणून दांडा जपा. कपाशीवर येतो तसा पिठ्या ढेकूण कॅक्टसवरही येतो. काट्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला की स्पिरिटचा बोळा फिरवा, जास्त असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी.

तुकडे या आठवड्यात कापून सावलीत टाका. म्हणजे चैत्रात लावता येतील आणि मृगाच्या आधी मूळ धरतील. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, नव्या रोपाला दुपारची सावली हवी. कॅक्टस असला तरी कोवळं अंग भाजतं, पांढरा डाग पडतो आणि तो पुन्हा जात नाही. जुनी साडी किंवा बारदाना वर बांधला तरी पुरतं. नमस्कार.